रेडिओ, पण योग्य वेळी

८ एप्रिल १९७८, पाडवा
आज अर्ध्या साताऱ्यानं खरेदी केली. मी केली नाही. सणाच्या दिवशी दुकानदार भाव उतरवत नाही, हे साधं लॉजिक लोकांना कळत नाही. आमच्या सौ.ला, म्हणजे अंजनाला, यंदा ट्रान्झिस्टर हवाय. लग्न झाल्यापासून तिनं काही मागितलेलं नाही, त्यामुळे नाही म्हणवेना. घेऊ म्हणालो, पण योग्य वेळी. संकल्प : बाजाराचा अभ्यास करायचा आणि भाव तळाला गेला की झडप घालायची.

१४ मे
जबरदस्त आयडिया. लग्नात जावयाला रेडिओ देतात. सासराही देतो, मामाही देतो. एक माणूस दोन रेडिओ कसा ऐकणार? लग्नसराई संपली की जादाचे निम्म्या किमतीत निघणार. शेजारच्या मानसिंगरावांच्या पुतण्याला परवाच दोन मिळालेत. हे कचेरीत कुणाला सांगितलं नाही, उगाच गर्दी व्हायची.

२ जून
पुतण्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं, बयाबाईंनी, पाट दिला. मी विषय काढला. आहेर विकायला आमी काय भिकंला लागलोय व्हय, असं त्या म्हणाल्या, आणि ते आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. मानसिंगराव तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. सेकंडहँडचं मार्केट आपल्याकडे अजून तयार झालेलं नाही.

१० जुलै
पावसाळा. कुणाच्या खिशात पैसा नाही. दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असणार, म्हणजे हीच वेळ. भिजत भाऊसोच्या रेडिओच्या दुकानात गेलो. दुकान बंद. भाऊसो भातलावणीला गावी गेलाय. सर्दी झाली.

१२ ऑगस्ट
अंजना पंचमीला माहेरी गेली होती, सांगलीजवळ. तिथं आकाशवाणीची माणसं आली आणि बायकांची गाणी टेपवर घेऊन गेली. त्यात एक गाणं हिचं एकटीचं आहे. आल्यापासून हळू आवाजात हेच सांगतेय. म्हणाली, आवं, कवा लावनार ते कळवतील, तवर आपला रेडिओ आला पायजे. मी म्हणालो, टेन्शन घेऊ नकोस, सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय.

३ सप्टेंबर
सांगलीला जाऊन भाव काढून आलो. साताऱ्यापेक्षा आठ रुपये कमी. अर्थात घेतला नाही. हा आकडा दाखवून भाऊसोला खाली आणायचा, ही खरी चाल. एसटीला आठपेक्षा जास्त गेले, पण तो खर्च अभ्यासात धरलाय.

४ सप्टेंबर
भाऊसोला आकडा सांगितला. तो म्हणाला, मग सांगलीलाच घ्या की. या माणसाला धंदा कळत नाही.

११ ऑक्टोबर, दसरा
सणाला घ्यायचा नाही, हे ठरलेलं आहे. शिवाय आता गरजही नाही. मेहुणा नाथाजी फौजेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत कॅन्टीनमधून रेडिओ आणतो, असं त्याचं पत्र आलं. कॅन्टीनच्या भावापुढे भाऊसो काय आणि सांगली काय. अंजनाला पत्र दोनदा वाचून दाखवलं.

२ नोव्हेंबर
नाथाजी आला. रेडिओ आला नाही. तो गाडीतून लोणंदला उतरला, कारण तिथं त्याची सासुरवाडी. सासऱ्यानं रेडिओ जरा लावून बघू म्हणून लावला, तो बंदच केला नाही. जावयानं परत कसा मागायचा, असं नाथाजी म्हणतो. फौजी माणूस, पण कच खाल्ली. आता मी स्वतः लक्ष घालतो.

२० नोव्हेंबर
आकाशवाणीचं कार्ड आलं. सात डिसेंबर, दुपारी बारा, महिलांचा कार्यक्रम. अंजनानं कार्ड देवापाशी ठेवलं. म्हटलं, वेळ पडली तर तू मानसिंगरावांकडे जाऊन ऐक. त्यावर ती म्हणाली, लोकांच्या सोप्यात न्हाई, मला माज्या घरात ऐकायचंय. मग देवापाशी जाऊन कार्ड पुन्हा नीट ठेवलं. मला कसंसंच झालं. भाऊसोनं मधल्या काळात भाव पंधरा रुपयांनी वाढवलाय. इतका चढलाय, म्हणजे आता पडणारच.

६ डिसेंबर
पडला नाही. तरी काळजी नाही. उद्या अर्धी रजा टाकलीय. दुकान उघडताना पहिला मी. बोहनीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही, म्हणेन तो भाव द्यावा लागेल. दहाला रेडिओ घेऊन घरी. अंजनानं आजच फळी पुसून ठेवली.

७ डिसेंबर
सकाळी दुकानापुढे एक म्हातारा आधीच उभा होता. बॅटरीचे दोन सेल घेऊन गेला आणि माझी बोहनी गेली. तरी मी हटलो नाही. भाऊसो दहा रुपयांवर अडला, मीही अडलो. दुसरी गिऱ्हाइकं येत होती, जात होती. शेवटी वैतागून त्यानं सेट लावला आणि म्हणाला, ऐका तरी. कुणी बाई गात होती. मालाला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही, हा माझा नियम. म्हणालो, बाई गातेय का पत्रा घासतेय? सेटमध्येच खोट आहे. भाऊसो म्हणाला, आवं, लय ग्वाड म्हनत्या की. दुकानातले दोघंतिघं हातातलं काम टाकून ऐकत होते. मी रेटून धरलं, असला आवाज घरात ठेवून घेणार कोण? भाऊसोनं हात जोडले. बरं, आवाजाचे दहा रुपये कमी, म्हणाला. वर्षभराच्या अभ्यासाचं चीज झालं.

तेवढ्यात निवेदिका म्हणाली, गायिका होत्या सौ. अंजना लालासाहेब बर्गे, सातारा.

घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा. माझ्या फेऱ्यांमुळे भाऊसोला माझं नाव पाठ आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, लालासाहेब, आवाजाचे कमी करू का नको? मी पूर्ण पैसे दिले.

घरी आलो. बाराला मानसिंगरावांनी आपला रेडिओ मोठा करून खिडकीत ठेवला होता. अंजनानं आमच्याच दारात उभं राहून ऐकलं. रागावलेली नव्हती. ऐकलं का तुमी, असं विचारलं. म्हणालो, दुकानात ऐकलं. लोक काय म्हनली? लय ग्वाड म्हणाले. आनि तुमी? म्हणालो, मी एक पैसा कमी न करता रेडिओ घेतला.

ती दारातच उंबऱ्यावर बसली. डोळ्यांत पाणी आलं. माजं गानं ऐकलं आनि ह्यांनी भावच केला न्हाई, हे तिनं तिथूनच मानसिंगरावांना सांगितलं. मला फार लाज वाटली. खरं सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा तिच्याकडे बघून मिटलं.

रेडिओ फळीवर आहे. जेवण गेलं नाही. भूक नाही म्हणालो, तर ती म्हणाली, गान्यानंच पोट भरलं जनू, आणि माझं ताट झाकून ठेवलं.