बल्ब लावून बघणं

अण्णा,

कर्नलसाहेबांची ती शिडाची होडी तुम्हाला आठवत असेल. बेळगावच्या कॅम्पातल्या आपल्या दुकानात ट्रकांचे डायनॅमो, सेल्फ-स्टार्टर दुरुस्तीला यायचे, आणि एक दिवस ते निवृत्त साहेब पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक लांबट यंत्र घेऊन आले. होडीचं सुकाणू आपोआप सांभाळणारं. आत होकायंत्र, बाहेर एक दांडा; होडी दिशा सोडू लागली की दांडा सुकाणू ढकलून तिला पुन्हा दिशेवर आणणार. साहेब म्हणाले, गोव्याच्या खाडीत नीट चालतं, समुद्रात वारा वाढला की बंद पडतं. तुम्ही ते ट्रकच्या बॅटरीला जोडलंत, तर ते दिवसभर मुकाट दांडा आत-बाहेर करत राहिलं. त्याच्यासोबतचं इंग्रजी पुस्तक मी तुम्हाला मराठीत सांगत होते. कॉन्व्हेंटच्या फीचं चीज झालं, असं आई फणकाऱ्यानं म्हणाली. माझं निपाणीचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. तंबाखूच्या वखारी असलेलं घर. शाळेतल्या सिस्टरनी मला लहान वर्गांना शिकवायला बोलावलं होतं, पण पाहुण्यांसमोर पसंती विचारली गेली, मी मान डोलावली, आणि तो विषय तिथंच संपला.

यंत्रात काही दोष नाही, होडी बघायला हवी, असं म्हणून तुम्ही गोव्याला निघालात आणि मलाही घेतलंत. लग्न ठरलेली पोर होडीत कशाला, म्हणून आईनं आदळआपट केली. पुस्तक कोण वाचणार, एवढंच तुम्ही म्हणालात. साहेबांच्या जीपमधून खानापूर मागे पडलं तेव्हा मला उगीचच वाटलं, हा रस्ता असाच लांबत जावा.

होडीत यंत्राची वायर जिथे जोडायची, तिथे तुम्ही मीटर लावलंत. बारा व्होल्ट. वीज तर पुरेशी येतेय, साहेब म्हणाले. तुम्ही पिशवीतून ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब काढून तिथेच जोडलात. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला आणि मीटरचा काटा घसरला.

“नुसतं इचारलं की बाराच सांगतंय,” तुम्ही मला म्हणालात. “वझं दिलं की कळतंय.”

म्हणजे बॅटरीपासून इथवर येताना वायर कुठेतरी खराब होती. ती जात होती होडीच्या मागच्या टोकाच्या अरुंद पोकळीतून, आणि तिथे शिरण्याजोगी मी एकटीच होते. अजून डोळे मिटले की मी तिथेच असते. डिझेलचा वास, ओलं लाकूड, खांदे दोन्हीकडून दाबलेले. हात पुढे गेलेत ते मागे घेता येत नाहीत. एका हातात टॉर्च धरून मी वायर चाचपत सरकतेय. साहेब पुढे शिडापाशी आहेत. तुम्ही झाकणाशी वाकता आणि आवाज अगदी खाली आणून विचारता, “निपाणीला जायचं मनात हाय न्हवं गं? नसंल तर सांग. मी बघतो.”

माझ्या बोटांना ओली, फुगलेली चिकटपट्टी लागते.

“सापडलं, अण्णा,” मी म्हणते.

पट्टीखाली जोड हिरवा पडला होता, तांब्याच्या एकदोन तारांवर सगळं तगून होतं. तुम्ही पक्कड आत दिलीत. पुन्हा विचारलं नाहीत. नवी वायर जोडल्यावर बल्ब पांढरा पेटला. दुपारी भर वाऱ्यात यंत्रानं होडी सरळ धरली. साहेब खुशीत हसत होते, तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

निपाणीच्या या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. दाराबाहेर एकटीनं जायचं नाही, एवढंच. बेळगावला जाऊ का विचारलं, की घरचे हंगाम उरकू दे म्हणायचे, आणि हंगाम उरकत नसे. तुम्ही मात्र सणाला कधी आला नाहीत. वखारीत पानांची प्रतवारी चालायची, गड्यांच्या पंगती घरात उठायच्या, तंबाखूच्या धुळीनं पोरंबाळं शिंकत असायची, नेमके तेव्हा यायचात, वखारीची मोटर बघायला. “दिवाळी सोडून ह्योच वकत गावतोय व्हय तुमच्या अण्णास्नी?” सासूबाई विचारायच्या. मोटर बघून झाली की तुम्ही चुलीपाशी येऊन पाणी मागायचात. इंग्रजीनं भाकरी फुगत न्हाय, हे सासूबाईंचं नेहमीचं बोलणं तुमच्यासमोरही व्हायचं. तुम्ही सावकाश पाणी पीत माझ्या तोंडाकडे बघायचात. तुम्ही काय तपासताय, ते मला कळत होतं.

शेवटच्या खेपेला तुम्हाला धाप लागत होती. भाकरी अर्धी ठेवून तुम्ही म्हणालात, “चलतीस? ह्याच बसनं जाऊ दोघं.”

तवा तापलेला, बाहेर पंगत बसलेली. आत्ता कसं अण्णा, माणसं जेवायचीत, मी म्हणाले.

“व्हय, ते बी हाय,” म्हणालात आणि उठून हात धुतलात. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

हे पाठवायला आता पत्ता नाही, आणि असता तरी मी टपालपेटीपर्यंत गेले असते की नाही, ठाऊक नाही. पण एवढं तुम्हाला कळायला हवं होतं. त्या शेवटच्या खेपेला तुम्ही येणार हे मला आधी समजलं होतं. त्या दिवशी सकाळीच दोन साड्या आणि फणी पिशवीत भरून मी पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. तुम्ही बस गाठायला गेल्यावर, पंगत उठल्यावर, ती पिशवी रिकामी केली.