वाजायच्या आधी

रविवार, दि. १४
सकाळ, दुकानाला सुट्टी

प्रिय मुंगे,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तुझा ताप आता उतरला असेल, असं धरून चालते. शेजारच्या शिवणकाकू तुझी आठवण काढतात, त्यांचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. कुंडीतलं झाड मात्र गेलं. मी पाणी जास्त घातलं म्हणे.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. एवढ्याशा जागेत आईला कसं झोडपावं, ते तुझ्याकडून शिकावं. फोन उचलायचा नसेल तर तसं सांग, मी पुन्हा करणार नाही, असं तू लिहिलंस. मागे एकदा मी उचलला, तेव्हा तू ताप आलाय, एकटीच पडून आहे म्हणालीस आणि मी "छान छान, मजा कर" म्हणून ठेवून दिला. तू नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलीस म्हणून मी अजून धुमसते आहे, असा तू त्याचा अर्थ लावलास.

अगं, लाइन खराब होती. नुसती खरखर. आणि आता तर फोनची घंटीच बसली आहे. दिवसभर तो माझ्या टेबलावर मुका पडून असतो, संध्याकाळी बघावं तर तुझे येऊन गेलेले फोन ओळीने दिसतात. लोकांच्या वस्तू दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण स्वतःचा फोन उघडायला मुहूर्त सापडत नाही. मोबाईलवर लिहून पाठवावं तर एक अक्षर दाबताना तीन उमटतात. म्हणून हे पत्र. रागाचं म्हणशील तर तू निघालीस तेव्हा आला होता, आणि तो तुला तोंडावर ऐकवून मी मोकळी झाले होते. पोटात ठेवून कुढणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे.

आता घरची बातमी. तुझ्या पहिल्या पगाराचा मायक्रोवेव्ह बंद पडला. दार लावून बटण दाबलं की ढिम्म. दार हाताने रेटून धरलं की चालायचा, हात काढला की पुन्हा ढिम्म. शिवणकाकू म्हणाल्या, भंगारात द्या आणि नवा घ्या. मी विचारलं, तुमची मशीन अडली की तुम्ही ती भंगारात देता का? दाराचा स्विच गेला होता, दुसरं काय.

दाराचे दोन आकडे आत शिरतात ना, त्यांच्या मागे पेरभर लांबीचे स्विच असतात. दार नीट लागलं तरच ते वीज पुढे सोडतात, उघडलं की तोडतात. काही दीडशहाणे स्विच काढून तारा थेट जोडून देतात. तसं काम मी आजवर कुणाला करून दिलेलं नाही. उघड्या दाराने तो चालला तर समोरचा माणूस भाजेल.

प्लग काढला. आत कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती उतरवली. प्लग काढल्यावर वीज कुठे लपते, असं तू लहानपणी विचारायचीस, ती इथे लपते. मग स्विच सोडवून त्याला मीटर लावला, दांडी दाबली, पण शून्य काही येईना. जोडणी चांगली असली की मीटर शिट्टीही देतो, पण माझ्या मीटरची शिट्टी बरेच दिवस बसली आहे. मी आकड्यावरच भागवते. तारांची अदलाबदल नको म्हणून एकेक तार काढून नव्या स्विचला लावत गेले. काम सोपं, फक्त माझी बोटं त्या फटीत मावत नाहीत.

जुना स्विच मी फोडून पाहिला. खोड, दुसरं काय. आतले पत्रे जळून काळेकुट्ट झाले होते. मायक्रोवेव्ह चालू असताना पुन्हा पुन्हा दार उघडलं की असं होतं, दर वेळी आत एक ठिणगी पडते. मी तर तो थांबल्याशिवाय हात लावत नाही. मग कोण उघडत होतं, याचा विचार करत मी बराच वेळ तो पत्रा हातात धरून बसले.

तूच गं. इथल्या नोकरीत सकाळच्या पाळीला जाताना, बाहेर उजाडायच्या आधी, तू दूध गरम करायचीस. शेवटचा सेकंद उरला की दार उघडायचीस, वाजलं तर आई उठेल म्हणून. माझ्या झोपेसाठी तू रोज एक ठिणगी पाडलीस आणि स्विच खाल्लास. तो पत्रा मी फेकला नाही, टेबलाच्या खणात ठेवलाय.

नंतर पाण्याचा कप ठेवून चालवून बघितला. दिवा लागला, ताटली फिरली, पाणी कढत झालं. फक्त शेवटी वाजला नाही. त्याचा बझरही गेला वाटतं. फोन झाला, मीटर झाला, आता हा. घरातल्या सगळ्या वस्तूंनी मिळून माझ्याशी अबोला धरलाय. उद्या बघते. पत्र तोवर उघडंच ठेवते.

सोमवार, दुपार

मुंगे, बझर धडधाकट आहे.

सकाळी पुन्हा सगळे स्क्रू काढले. बझर तपासला, चांगला निघाला. परत बसवला, कप ठेवला, चालवला. नाही वाजला. पुन्हा उघडला, तारा हलवून पाहिल्या, पुन्हा चालवला. नाहीच. मी त्याला दोन शिव्या हासडल्या. तेवढ्यात शिवणकाकू गळ्यात टेप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, सकाळपासून कितीदा वाजतोय तो. माझं मापात लक्ष लागेना. बंद करा ना."

मी म्हटलं, त्याचा बझर गेलाय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कप आत ठेवला आणि बटण दाबलं. आकडे उतरत शून्यावर आले. काकूंनी एक बोट वर केलं. खाली घेतलं. पुन्हा वर केलं. दर वेळी वाजला की त्या बोट वर करत होत्या आणि मी ते बोट बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून मला फोन लावला. टेबलावर माझ्या फोनचा दिवा लागला. त्यांनी पुन्हा बोट वर केलं. मीटरच्या शिट्टीचं मी काही विचारलंच नाही.

तर हे असं आहे. माझे कान गेलेत. सगळे गेले नाहीत, बारीक आवाज गेलेत. माणूस समोर असलं, तोंड दिसलं, की बोलणं कळतं. फोनवर नुसतं गुणगुणल्यासारखं येतं, आणि सारखं "काय? काय?" विचारायची लाज वाटते म्हणून मी छान छान म्हणते. तुझा ताप मला ऐकू आला नाही गं. आला असता तर दुकानाला कुलूप घालून मिळेल त्या गाडीने आले असते. तू तिकडे तापाने फणफणत होतीस आणि मी तुला मजा कर म्हणाले, हे काल लिहिताना मी लाइनवर ढकललं. आज माझ्याच्याने ढकलवत नाही.

मला भीती वाटते. धंदा कानावर चालतो. मोटर कण्हते कशी, पंखा घासतो कुठे, हे आधी ऐकूनच सांगायचे. हल्ली मशीनवर तळहात ठेवून अंदाज घेते, गिऱ्हाइकांना वाटतं, बाईंनी नवी पद्धत काढली. कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. एकटी गेले तर तो काय म्हणाला तेच मला कळायचं नाही. तू बरोबर हवीस.

आणि एक, जे मी तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या सकाळच्या पाळीला मी झोपलेली नसायचे. त्या दाराची खट ऐकायचे, मग तुझ्या चमच्याची किणकिण, मग बाहेरची कडी. उठले असते तर तू चिडली असतीस आणि दूध तसंच टाकून निघाली असतीस, म्हणून डोळे मिटून पडून राहायचे. तू गेल्यावर त्या आवाजांवाचून मला करमेना. आवाज थांबले ते तू गेलीस म्हणून, असंच मी इतके दिवस धरून चालले होते.

फोन करू नकोस. ये. समोर बस आणि काय भांडायचं ते तोंडावर भांड, मला सगळं कळेल. सकाळी दूध गरम करशील तेव्हा दार आधी उघडू नकोस. स्विच नवा आहे, तो जप. खुशाल शेवटपर्यंत वाजू दे. मी त्याने उठणार नाही, आणि निजलेलीही नसेन.

तुझी,
तेव्हाही जागी असलेली
आई