मागच्या दाराचं कलम

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की पावणे एमआयडीसीतला तुझ्या कामाचा गाळा पाडून तिथे गोदाम उभं राहिलंय. मी सरकारी खात्यात अधिकारी झाले, वाशीच्या कार्यालयात बसते. सध्या आम्ही छोट्या कारखान्यांच्या सुरक्षेचा कायदा लिहितोय. तुला वाटेल, विद्वान माणसं डोकं लावून कायदा लिहीत असतील. तसं काही नसतं गं. जुना कायदा कॉम्प्युटरवर उघडायचा, वरचं नाव बदलायचं आणि सुरुवात करायची. मग मसुदा सगळ्या विभागांकडे अभिप्रायाला जातो. मुदतीत उत्तर आलं नाही की हरकत नाही असं धरतात. मालकांची उत्तरं मात्र वेळेत येतात. तुझ्यासारख्या बायकांना मसुदा निघालाय हेच कळत नाही.

त्यातलं एकच कलम कुठून उचललेलं नव्हतं, ते माझं होतं. जिथे थिनरसारखं झटकन पेटणारं रसायन साठवतात तिथे मागे दुसरं दार हवंच. ते लिहिताना सानपाड्याची आपली खोली आठवत होती. गोंगाट नको म्हणून मी कडी लावून अभ्यासाला बसलेय, तू स्टोव्हपाशी भाकरी थापतेयस, आणि एकदम ओरडतेस, "कडी काढ आधी! स्टो पेटलाय तवर कडी लावायची न्हाई, किती येळा सांगू?" मी तोंड वाकडं करून उठते. तू दिवसभर एकच शटर, दुसरं दार नाही अशा गाळ्यात थिनरचे डबे भरायचीस, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं. आग शटरच्या बाजूने लागली. तुम्ही सगळ्या मागच्या भिंतीपाशी सापडलात. त्या भिंतीचा मला अजून राग येतो.

परवा बैठकीत मालकांच्या संघटनेचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, गाळे पाठीला पाठ लावून बांधलेत. दार काढायचं कुठे, शेजाऱ्याच्या गाळ्यात?" साहेब म्हणाले, "वीसच्या आत कामगार असतील त्यांना सूट द्या. अधिवेशन तोंडावर आलंय."

"सर, आग अशाच गाळ्यांना लागते."

"माहितेय हो. पण अडून बसलात तर अख्खं कलमच उडेल. टेन्शन घेऊ नका, नंतर दुरुस्ती करू."

तुम्ही आठ जणी होतात. हे मी तिथे बोलले नाही. बोलून काही बदललंही नसतं.

सूट मीच लिहिली, दुपारभर बसून, कोर्टातही कुणाला हलवता येणार नाही अशी. साहेबांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. "बघा, याला म्हणतात ड्राफ्टिंग." हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. मला बरं वाटलं, आई.