काडीसाठी जुनी गाडी

४ जानेवारी, शनिवार

गाडी घ्यायचीच! ठरलं एकदाचं.

नातीला डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. टँकर येतात, त्यातलं दूध तपासायचं. पाळी पहाटेची, आणि त्या वेळेला इकडून बस नाही. म्हणजे एकतर तिकडे खोली घेऊन राहायचं, नाहीतर गाडी. पोरीने शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत. त्यात नवी येत नाही. जुनी बघायची — पण घरचे सगळे मावतील अशी, मागचं दार वर उघडणारी.

मुलगा म्हणाला, कशाला हा खटाटोप, राहू दे की तिकडे, मोठी झाली आता. मी म्हटलं, तू गप.

मुलगा दुकानात, सून दवाखान्यात. संध्याकाळी येतात ती मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. या घरात माझ्याशी भांडायला ही एकच! काडी म्हणते मी तिला — अंगाने तशी आणि पेटायलाही तशीच. ती गेली तर मी काय भिंतीशी बोलू? तिला हे सांगणार नाही. इथं लिहिलं, बास झालं.

५ जानेवारी, रविवार

मुलगा आला होता गाड्या बघायला. प्रत्येक गाडीच्या टायरला लाथ मारली आणि म्हणाला, दणकट आहे. सगळ्याच दणकट! पुढच्या वेळी त्याला घरीच ठेवायचा.

८ जानेवारी, बुधवार

आज काडीने मला गार केलं.

जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे, मोठ्या पटांगणात रांगेने गाड्या लावलेल्या. माणूस गोड. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. पांढरी गाडी दाखवली, किल्ली फिरवली, झटक्यात सुरू. मी मनात म्हटलं, घ्या हीच. काडीने नुसता बॉनेटवर तळहात ठेवला. म्हणाली, "गरम आहे. आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली होती का?"

तो हसला, सकाळी जरा फिरवून आणली म्हणाला. काडी म्हणाली हरकत नाही, गार होऊ दे, आम्ही बसतो. आणि खरंच बसली! प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन, जसं काही दवाखान्यात नंबर लावलाय. मीही बसले. त्याने चहा पाजला, दुसऱ्या गाड्या दाखवतो म्हणाला, मधेच म्हणाला दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. ही आपली "हो का" म्हणते आणि हलत नाही. चहा पिऊन माझी पंचाईत झाली, पण उठले नाही.

मग गार गाडीला किल्ली मारली. खों खों खों! दमेकऱ्यासारखी. मागून निळा धूर. काडीने त्याचे आभार मानले — आभार! — आणि निघाली. तिच्या जागी मी असते तर त्याची अख्खी आळी गोळा केली असती.

वाटेत विचारलं, घरी माझ्यावर पेटतेस, मग बाहेर एवढी शांत कुणावर गेलीस? म्हणाली, तुझ्यावर तर नक्कीच नाही.

११ जानेवारी, शनिवार

घोटाळा केला मी.

एक निवृत्त बाई आहेत, शाळेत गणित शिकवायच्या. नजर कमी झाली म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, म्हणून विकतायत. निळी गाडी. गार इंजिनावर पहिल्या किल्लीत सुरू. काडीने पायातली मॅट उचलून पाहिली, दारं एकेक करून लावून आवाज ऐकला, चालवून आली. तिचा चेहराच सांगत होता की हीच.

मी कशाला तोंड उघडावं? पण जन्मभर जुने कपडे विकले मी. घेताना नाक मुरडायचं आणि विकताना वाखाणायचं, धंदाच तो. म्हटलं चार पैसे उतरवू. झाले सुरू — रंग उडालाय, दार ठेचलंय, आतून म्हातारीसारखा वास येतो. शेवटी म्हटलं, ही गाडी आहे की भंगार?

बाई ऐकून घेत होत्या. मग काडीच्या हातातून किल्ली अलगद काढून घेतली. म्हणाल्या, "तुम्हाला नाही विकायची मला," आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१२ जानेवारी, रविवार

काडी बोलत नाही. खोल्यांच्या जाहिराती बघत बसलीय. सून म्हणते, डेअरीजवळ स्वस्त मिळतात. मिळू देत!

१४ जानेवारी, मंगळवार

काल पोरगी एकटीच बाईंकडे गेली होती. मला आज कळलं. त्यांना सरळ म्हणाली म्हणे, "बाई, डाव्या दाराला पोचा आहे आणि मागचे टायर बदलावे लागतील. पण इतकी निगा राखलेली गाडी मी पाहिली नाही. माझ्याकडे एवढेच आहेत. तुमचं मागणं चूक नाही, मला परवडत नाही इतकंच."

असा कुठे व्यवहार असतो? आपला सगळा डाव उघडा करून टाकायचा! मी आयुष्यात केला नाही. आणि बाई कबूल झाल्या. एक अट — त्या आजींना पाठवा.

आज गेले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून आधी गाडीत जाऊन बसले. सीटची कव्हरं पाहिली. घरी शिवलेली, टाका असा की शोधावा लागतो. माझ्या दुकानात असं शिवलेलं आलं असतं तर विकलं नसतं, स्वतःच नेसले असते... कव्हर नेसतात का म्हणा! पण हात फिरवत बसले खरी. बाई दाराशी उभ्या.

म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोलले. घेताना नाक मुरडायची सवय आहे मला.

"आणि घेऊन झाल्यावर?"

"घेऊन झाल्यावर दुसऱ्या कुणाला नाव ठेवू देत नाही."

बाई हसल्या. किल्ली माझ्याच हातात दिली.

१८ जानेवारी, शनिवार

गाडी दारात! मुलाने टायरला लाथ मारली. मी त्याच्या हातावर फटका दिला.

२० जानेवारी, सोमवार

काडीचा पहिला दिवस. मी म्हटलं येते बरोबर, घरी बसून काय करू. नको नको म्हणाली, पण मी आधीच पुढच्या सीटवर.

अंधार, धुकं, समोरून ट्रक. ही स्टिअरिंगवर ताठ, ओरड नाही, हॉर्न नाही. मीच मनात देव पाण्यात घातले. डेअरीत कॅन्टीनच्या बाकावर मला बसवलं. तिथून काचेतून लॅब दिसते. पांढरा कोट, डोक्याला जाळी — ओळखूच येईना. एका टँकरचं दूध तिने परत पाठवलं. ड्रायव्हर तिच्या दुप्पट, अंगावर आल्यासारखा बोलत होता. ही हातातली नळी दाखवत राहिली. शेवटी तो टँकर वळवून घेऊन गेला! कॅन्टीनवाला म्हणाला, नवीन मॅडम कडक दिसतात. मी म्हटलं, माझी नात आहे.

परतताना मात्र ऊन चढलं आणि पोरीचे डोळे मिटायला लागले. तिने काच उघडली, गालावर पाणी मारलं, मोठ्याने गाणी म्हणायला लागली. बेसूर. एकदा तर गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर गेली. घरी येऊन न जेवता झोपली, बूट पायात.

२२ जानेवारी, बुधवार

आज काडीला सांगितलं, डेअरीजवळ खोली बघ. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "मग गाडी कशाला घेतली, आजी?" म्हटलं, रविवारी यायला. धुण्याचं गाठोडं मात्र आणायचं नाही.