ओकच्या दारावरचे डाग

दोहा,
२० जानेवारी १९८४

प्रिय जालिंदर,

सलाम. तुला लिहायला बसलो की खुशालीच्या चार ओळी खरडतो आणि खलास करतो, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. तू इथून गेल्याला सहा वर्षं झाली. ईद-दिवाळीची मिळून डझनभर पत्रं गेली, पण त्या दाराबद्दल एक अक्षर नाही. आज शुक्रवार आहे, नमाज झाली, जेवण झालं. आता सबब सांगायला काही उरलं नाही, तेव्हा लिहिल्याशिवाय उठणार नाही.

आधी बातमी. वर्कशॉपमध्ये परत ओक आलाय. तोच, अमेरिकेच्या पूर्वेकडचा, पांढरा. फळ्यांच्या टोकांना लाल रंग फासलेला, आणि करवत लावली की तोच आंबूस वास. टिंबर यार्डातला इकबाल कारकून त्या कंपनीचं कॅलेंडर देऊन गेला. जानेवारीच्या पानावर गुडघाभर बर्फात उभी राहून झाडं पाडणारी माणसं आहेत. तिकडे हिकरी नावाच्या झाडाचे कुऱ्हाडीचे दांडे करतात म्हणे, अक्रोडाचे बंदुकीचे दस्ते, आणि ह्या आपल्या ओकची चक्क दारूची पिंपं. त्याच लाकडाचं आपण इथे शेखच्या मजलिसला, त्या पाहुण्यांच्या दिवाणखान्याला, दार करत होतो. हे तुला तेव्हा कळलं असतं तर आठवडाभर माझी टर उडवली असतीस.

त्या वेळी मला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मी राजापूरकडचा, सागवानात वाढलेला, नाकावर माशी बसू देत नव्हतो. तू माणदेशातला, बैलगाडीची चाकं करणाऱ्याचा मुलगा. पहिल्याच दिवशी तू फळीला नाक लावलंस आणि म्हणालास की हे लाकूड आमच्या बाभळीच्या स्वभावाचं दिसतंय. चाकाला लोखंडी धाव चढवली की बाभूळ तिथे काळी पडते, तसं हेही पडेल, तेव्हा याला लोखंड लावू नकोस, पितळेचे स्क्रू वापर. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, हा चाकवाला मला दार शिकवतोय.

पॉलिशच्या आदल्या दिवशी तू दुसऱ्या साइटवर होतास. मी आमच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही झडपा ओल्या फडक्याने पुसल्या आणि लोखंडी तारेच्या घासणीने घासून काढल्या. सागाला आम्ही असंच करतो, रेषा छान उठून येते. सकाळी बघतो तर शाई सांडल्यासारखे डागच डाग. एवढं लांबून आणलेलं लाकूड, आणि मी त्याची वाट लावून ठेवली होती.

इंजिनिअरसाहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कोणाचं काम. माझ्या बहिणीचा, जन्नतचा, निकाह दोन महिन्यांवर होता. भाऊ दोह्याला आहे म्हणून ठरलेला. भाऊ परत आला असता तर तो मोडलाच असता, हे तुला खोलीत मीच सांगितलं होतं. मी पायांकडे बघत राहिलो. तू पुढे झालास आणि म्हणालास, मी केलं. आठव्या दिवशी तुझं परतीचं तिकीट आलं. तेवढ्या दिवसांत तू लिंबं कापून कापून त्या झडपा चोळत बसला होतास, डाग जरा तरी फिके पडावेत म्हणून. मी शेजारी पातेलं धरून उभा. तू एका शब्दाने मला बोलला नाहीस.

जन्नतला आता दोन मुलं आहेत. मी फोरमन झालो. रबियाला इकडे आणलं, अल सद्दला दोन खोल्यांत आमचा संसार चाललाय. जालिंदर, ह्या घरात रोज चूल पेटते ती तुझ्यामुळे. तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, कारण बोललो असतो तर बाकीचंही कबूल करावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात तुमच्या गावचा शहाजी आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागला. मी तुझी चौकशी केली, तर म्हणाला, शेखचं दार नासवून आलेला तो जालिंदर का. गावात अजून तेच बोलतात, नाजूक काम तुला कोणी देत नाही, आणि भांडणात सत्यभामावहिनीसुद्धा तेच काढतात, असं त्याने सांगितलं. मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत होतो की निदान वहिनींना तरी तू खरं सांगितलं असशील. तू कोणालाच सांगितलं नाहीस. बुधवारी मी मॅनेजरकडे जाऊन कबूल केलं. त्यांनी शनिवारी बोलावलंय, पुढे काय होईल ते होईल. रबिया म्हणाली, बरं केलंत, फार उशिरा केलंत. तेव्हा हे पत्र एकट्याने वाचून पेटीत ठेवू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे. वहिनींना समोर बसव, चार शेजारी बोलाव, आणि ज्याचा आवाज मोठा असेल त्याच्याकडून पहिल्यापासून वाचून घे. ते दार कमालने नासवलं. जालिंदरने त्याला आधीच बजावलं होतं.

सहा वर्षं तुझ्या जिवावर इथे राहिलेला,
तुझाच
कमाल