त्याच्या तोंडी कुणाचे शब्द

३ फेब्रुवारी
चष्म्याच्या दुकानात आज मस्त ऐवज हाती लागला! एक आजोबा म्हणाले, "पेपर उघडला की अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात, पोरी." गिऱ्हाईक जाताच लिहून घेतलं. लोक असलं काही सहज टाकून जातात, त्यांना पत्ताही नसतो.

५ फेब्रुवारी
नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बोलणंही तसलंच — चालू, बंद. आणि आज जेवताना म्हणतो, "आमचा साहेब म्हणजे दोरा संपलेलं मशीन. खडखड भारी, टाका एक नाही."
मी खो-खो हसले. मग लक्षात आलं. हे याचं नाही!

९ फेब्रुवारी
आता याच्या मते शेजारीण "कात्रीसारखी बोलते". मन "उसवलंय". दोरा, कात्री, उसवणं — ही कुणीतरी शिवणारी आहे. बाईच! विचारलं, कुठून शिकलास हे?
"ऐकलं कुठेतरी." नजर ताटात.

१० फेब्रुवारी
ताईला फोन केला. "शब्दांवरून कुणी नवऱ्याला पकडतं का? पराचा कावळा करू नकोस."
कावळा तर कावळा. माणूस ज्याच्यापाशी बसतो, त्याचं बोलणं उचलतो. हे मला कुणी शिकवायला नको.

१५ फेब्रुवारी
शनिवारचं त्याचं 'जादा काम' — मागोमाग गेले. बाजारामागच्या गल्लीत शिलाईचं दुकान. काचेआड हा स्टुलावर बसून बटणं निवडत होता आणि हसत होता. पोट धरून! माझ्यासमोर कधी हसलाय असा? बाई पाठमोरी, नुसते खांदे दिसले. आत शिरायचं धाडस झालं नाही. घरी येऊन भांडी आपटली.

१७ फेब्रुवारी
तो कामावर गेल्यावर एकटीच गेले. काय काय सुनावायचं, वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. बाईने मान वर केली.
केस पांढरेफेक. नाक, हनुवटी — हुबेहूब माझ्या नवऱ्याची.
"सून ना तू? फोटोत पाहिलंय. किती दिवस म्हणतेय त्याला, घेऊन ये. तर म्हणतो, कुठल्या तोंडाने सांगू?"
लग्नाआधी तो एवढंच म्हणाला होता, "मी सहा वर्षांचा असताना आई गेली." मी धरून चालले, वारली.
त्याने सरळच सांगितलं होतं. गेली. दार उघडून, चालत.