आईची मंगळवारची गोळी

सोमवार, संध्याकाळ

चार महिने आईची मांडी दुखतेय, जांघेपासून खाली. कमरेचा एमआरआय झाला, शेक झाला, मालिश झाली. शेवटी आम्हीच ठरवलं, वय झालं. आज राजारामपुरीतल्या नव्या डॉक्टरबाईंनी आमची जाडजूड फाईल बाजूला ठेवली. आईला चालायला लावलं आणि विचारलं, "आजी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

आई ऐटीत म्हणाली, "हाडाची, दर मंगळवारी. नऊ वर्षांत एक मंगळवार चुकवला न्हाय!"

खरंच. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली ती गोळी आई उपवासासारखी पाळते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसायचं. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी काही वर्षांनी परत दाखवायला सांगितलं होतं बहुतेक. मी मात्र मेडिकलात जुनीच चिठ्ठी दाखवत राहिलो.

बाईंनी लगेच अख्ख्या मांडीचा एक्स-रे काढला. हाडाला बाहेरून केसाएवढी चीर! फार वर्षं घेतली तर क्वचित हीच गोळी असं करते म्हणे. आता ऑपरेशन करून हाडात सळई घालायची, तोवर त्या पायावर भार नाही. एका साध्या प्रश्नात सापडलं. काय बाई आहे! आणि आई तरी काय, चिरलेल्या हाडावर चार महिने जिने चढली.

घरी येऊन गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं. आई बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू कागलला ड्युटी करून, दमून गोळी आणायचास," ती म्हणाली, "मग चुकवू कशी?"